अर्धा नंबर कमी

शालन,

काल चौथ्या दिवसाचं पाणी आलं आणि मला कळलंसुद्धा नाही. शेजारच्या काकूंनी गेट वाजवून टाकी वाहतेय म्हणून सांगितलं, तेव्हा मी उठलो. पाणी कधी येणार, किती वेळ टिकणार, हे आपल्या घरात एकाच माणसाला ठाऊक असायचं. मी नुसता पाइप धरून उभा राहणारा गडी. काल पाइप हातात घेतला आणि पहिलं कुठलं पिंप भरायचं तेच आठवेना. शेवटी अंगणातल्या लिंबाला पाणी सोडून दिलं. तू असतीस तर या एका गोष्टीवरून आठवडाभर मला ऐकवलं असतंस.

सत्तावीस दिवस झाले तुला जाऊन. तुझ्या शाळेने फोटोखाली लावायला चार ओळी मागितल्या. जन्म, शिक्षण, किती वर्षं सेवा, कधी निवृत्त. त्या आपल्या मेघाने लिहून दिल्या. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे, अठ्ठावीस वर्षांचं जुनं, आणि गेल्या आठवड्यात त्यात नवीन भर पडली. भांडायला तू समोर नाहीस म्हणून कागद घेऊन बसलोय.

त्या दिवसाचं आधी सांगतो, म्हणजे मोकळा होतो. गच्चीवर कुरडया घालता घालता तू पडलीस. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने तुझ्या पापण्या वर करून टॉर्च मारला. मी पायापाशी उभा होतो. शालन, डोळ्यांच्या दवाखान्यात पोरांचे नंबर काढताना तेच काम मी आयुष्यभर करत आलो. मूल समोर बसलं की चष्म्याच्या गोष्टी नंतर, आधी टॉर्च. उजेड पडला की बाहुली चटकन बारीक झाली पाहिजे. एका डोळ्यावर उजेड टाकला तरी दुसरीही बारीक झाली पाहिजे. उजेड काढला की पुन्हा मोठी. किती हजार पोरांच्या बाहुल्या अशा हलताना बघितल्या, मोजदाद नाही. तुझ्या दोन्ही मोठ्या होत्या आणि मोठ्याच राहिल्या.

डॉक्टरने टॉर्च खिशात ठेवला आणि माझ्याकडे वळून शब्द शोधायला लागला. मेंदूत रक्तस्राव झालाय, आपण वाट बघू, असं काहीतरी. मी म्हटलं, बघू या. त्याला वाटलं म्हाताऱ्याला कळलं नाही. मग त्याने दहा मिनिटं खर्चून मला पहिल्यापासून समजावलं. पोरगा चांगला होता, मी त्याला अडवलं नाही. मला मात्र एकच वाटत होतं, की घरी जाऊन हे तुला सांगावं. वेगळी बाहुली दिसली की मी जेवताना ती तुला सांगायचो ना. आज एका पोरीची एक लहान, एक मोठी होती. आज एकाची उजेडात आधी बारीक व्हायची आणि मग हळूच पसरायची, आमच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला मुंबईला पाठवलं. तू भाकरी थापत ऐकायचीस आणि न चुकता विचारायचीस, पोराच्या आईला नीट सांगितलं का. तुला बाहुलीपेक्षा त्या आईचंच जास्त पडलेलं असायचं.

आता भांडणाकडे येतो.

मेघा तिसरीत होती आणि तुझ्याच शाळेत, तुझ्याच वर्गात. एक दिवस तू घरी आलीस आणि पर्स न ठेवताच मला म्हणालीस की पोरगी फळा बघताना डोळे बारीक करते, तिला तपासा. मी हसलो. माझ्या पोरीचा डोळा आणि मला आधी कळणार नाही? तुला कळण्याची पद्धतही तुझीच होती. तू वर्ग मैदानावर न्यायचीस, पलीकडच्या पडक्या कुंपणावर बसलेले पक्षी मोजायला सांगायचीस. जे पोर डोळे आकसून, मान वाकडी करून मोजायचं, किंवा शेजारच्याचं उत्तर चोरायचं, त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे पाठवायचीस. मी म्हणायचो, ही काय तपासणी झाली का? पण तुझ्या चिठ्ठीवर आलेलं पोर बिनचष्म्याचं क्वचितच परत गेलं.

मेघाला दवाखान्यात नेलं. तेव्हा बाहुली मोठी करायला थेंबांऐवजी मलम होतं, तीन दिवस घरी घालायचं. बाहुली एवढी मोठी झाली की डोळा सगळा काळाच दिसायला लागला, आणि तुझी आई सांगोल्याहून आलेली होती, तिने पोरीला दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. लहान मुलाचा डोळा जवळचं बघताना आतून जोर लावतो, बाहुली आवळून धरतो, आणि तपासतानाही तो जोर सोडत नाही. मग आहे त्यापेक्षा नंबर जास्त निघतो. मलमाने बाहुली पसरते, आतला स्नायू विसावतो, आणि डोळा खरं बोलतो. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मिठाची मूठ चुलीत टाकली ती टाकलीच.

खरा नंबर निघाला मायनस दीड. मी चष्मा केला मायनस एकचा.

ही माझी रीत होती. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो, त्यांनी सांगितलेलं पहिलं वाक्य हेच होतं, की पोराला पूर्ण नंबर कधी द्यायचा नाही. डोळ्याला थोडी भूक ठेवायची. पूर्ण दिला की डोळा आळशी होतो आणि नंबर पळत सुटतो. आमच्या धंद्यात त्या वेळी निम्मे लोक असंच करायचे. मोठे डॉक्टर मुलांच्या नंबराचं माझ्यावरच सोपवायचे. सुरुवातीला अर्धा नंबर कमी, नंतर वाढेल तसा बघू, ही माझी सही होती म्हण ना.

तू चष्मा हातात घेतलास, कागद बघितलास आणि विचारलंस, दीड निघाला तर एक का? मी कारण सांगितलं. तू म्हणालीस,

"तुमी नंबर काढता का भाव करता?"

मला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, तू तुझी बाराखडी सांभाळ. हे आपलं पहिलं. त्यानंतर किती वेळा झालं असेल. तुझं म्हणणं साधं होतं, की आळशी डोळ्याचं नंतर बघू, आत्ता पोरीला फळ्यावरची खालची ओळ दिसत नाही त्याचं काय. तू फळ्यावर रोज लिहिणारी बाई, तुला अर्धा नंबर म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. अर्धा नंबर म्हणजे आठाचा तीन दिसणं. अर्धा नंबर म्हणजे गणित येत असून चुकणं. हे तू मला शंभरदा सांगितलंस आणि पालथ्या घड्यावर पाणी. मी उलट तुला विचारायचो, तू कुठल्या कॉलेजात डोळे शिकलीस?

तुझं दुसरं टुमणं उन्हाचं. पोरांना उन्हात खेळू द्या, घरात बसून बसून नंबर वाढतो. तू म्हणायचीस, आमच्याकडं मेंढरामागं फिरणाऱ्या एका तरी पोराला चष्मा हाय का? मी म्हणायचो, त्यांना तपासलंय कोणी? आणि सोलापूरच्या उन्हाने जर नंबर कमी होत असता, तर या शहरात चष्म्याचं एक दुकान चाललं नसतं. हे वाक्य मला फार आवडायचं. पाहुण्यांसमोर मी ते तुझ्यादेखत किती वेळा म्हटलं, आणि तू प्रत्येक वेळी चहा आणायला उठून गेलीस.

पण मलम-थेंबांच्या बाबतीत तू माझ्या बाजूची होतीस, हेही लिहायला पाहिजे. बाहुल्या मोठ्या केलेलं पोर काही दिवस वाचू शकत नाही, उन्हात डोळे उघडू शकत नाही. पालक नको म्हणायचे, चाचणी आहे, गृहपाठ आहे. बाकीचे मास्तर तर अशा पोरांना घरीच पाठवायचे. तू त्यांना वर्गातल्या काळोख्या कोपऱ्यात बसवून तोंडी पाढे घ्यायचीस, त्यांची पाटी तू लिहायचीस. शहराच्या पूर्व भागातल्या एका विडी वळणाऱ्या तेलुगू आईला मराठी धड येत नव्हतं. पोरीचे काळेभोर डोळे बघून ती घाबरून शाळेत आली. तू तुझ्या मोडक्यातोडक्या तेलुगूत तिला काय सांगितलंस देव जाणे, पण ती हसत परत गेली आणि पुढच्या वर्षी धाकटीला स्वतः घेऊन आली. त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता. बोललो नाही. मी काय काय बोललो नाही त्याची यादी केली तर मोठी होईल.

आता माझं पाप. मेघा चौथीत, तेव्हाही तुझ्याच वर्गात असताना एकदा मी जाता जाता लुना थांबवून शाळेत आलो आणि वर्गाच्या दारात उभा राहिलो. फळ्यावर तू सुविचार लिहिला होता, बारीक अक्षरात. मेघा शेवटच्या बाकावर बसली होती आणि तिथून तो घडाघडा वाचत होती. एकही शब्द अडला नाही. संध्याकाळी मी घरी येऊन पायातल्या चपला न काढता तुला म्हटलं, बघितलंस? शेवटच्या बाकावरून वाचते पोरगी. अर्धा कमी आहे ना चष्मा? कुठं अडलं?

तू कणीक मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "व्हय, दिसतंय की तिला."

मला वाटलं, मी जिंकलो. एवढी सहज तू कधीच हरली नव्हतीस, पण माझ्या डोक्यात हवा गेली होती, मला शंका आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी आलेल्या प्रत्येक पालकाला मेघाचं उदाहरण द्यायला लागलो. कोणी कुरकुर केली, की साहेब, पोराला अजून थोडं अंधूक दिसतं, तर मी म्हणायचो, सवय होईल. माझ्या स्वतःच्या मुलीला मी अर्धा कमी दिलाय, शेवटच्या बाकावरून फळा वाचते, पहिल्या पाचात असते. हातच्या काकणाला आरसा कशाला? लोक माना डोलवायचे. स्वतःच्या लेकीचं उदाहरण देणाऱ्या माणसावर कोण अविश्वास दाखवील? ते मी वर्षानुवर्षं सांगत राहिलो. खेड्यांतून, चिंचोळीच्या कामगार वस्तीतून, सगळीकडून पोरं यायची.

मेघाचा नंबर वाढत गेला. दीडाचा अडीच, अडीचाचा चार. मी दर वर्षी अर्धा कमी देत होतो आणि तो दर वर्षी वाढत होता. मी म्हणायचो, पूर्ण दिला असता तर याहून वाढला असता. या वाक्याला उत्तर नसतं, म्हणून मला ते सोयीचं होतं. घरी ती टीव्हीला नाक लावून बसायची, मी ओरडायचो, लांब बस. शाळेत शेवटच्या बाकावरून वाचणारी पोरगी घरात टीव्हीजवळ का जाते, एवढा साधा प्रश्न नंबर काढणाऱ्या माणसाला पडू नये? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मोठे डॉक्टर थकले, त्यांची सून दवाखाना बघायला लागली. या मॅडम शिकून सवरून आलेल्या. त्यांनी एका दुपारी मला समोर बसवलं आणि फार सांभाळून सांगितलं की मुलांना कमी नंबर देणं आता बंद करायचं. त्याने नंबर थांबत नाही, उलट वाढायलाच हातभार लागू शकतो. पूर्ण नंबर द्यायचा, आणि पालकांना सांगायचं की पोरांना रोज दोन तास तरी बाहेर मोकळ्यावर, उजेडात खेळू द्या. मी विचारलं, उन्हात? त्या म्हणाल्या, बाहेरच्या उजेडात, हो.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. अकरा वर्षं झाली. मी घरी आलो. तू ओट्यावर बसून शेंगा फोडत होतीस. मी शेजारी बसलो आणि चार शेंगा फोडल्या. तू माझ्याकडे बघितलंस, कारण मी असं कधी करत नाही. विचारलंस, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, उकडतंय. पडलो तरी नाक वर.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पोराला मी पूर्ण नंबर दिला. तुला सांगितलं नाही. तू शाळेतून निवृत्त होत होतीस, चिठ्ठ्याही थांबल्या होत्या. तुला कळायचं कारण नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. मेघाचा नंबर तोवर साडेसहावर जाऊन थांबला होता. तिला लग्नाआधी डोळ्यांच्या मागच्या पडद्याची तपासणी करायला लागली, अजूनही दर वर्षी करायला लागते. कदाचित माझ्या अर्ध्या नंबराशिवायही तो तेवढाच वाढला असता. मॅडम तसंच म्हणाल्या, एवढ्यावरून सांगता येत नाही. पण रात्रंदिवस ते माझ्या मनात होतं, आणि ज्या एका माणसाला सांगून हलकं व्हायचं, त्याच माणसापुढे मला मान खाली घालायची नव्हती. म्हटलं, सांगू कधीतरी. बायको कुठं जाते?

तेराव्याच्या आधीपासून तुझे विद्यार्थी येत होते. कोणी बँकेत, कोणी यंत्रमागाच्या कारखान्यात, एक पोरगी नर्स. चटईवर बसायचे, तुझ्या फोटोकडे बघायचे. मी त्यांच्या चष्म्यांकडे बघत होतो. काचेच्या कडेची जाडी बघितली की मला नंबर कळतो, ती खोड जात नाही. एकाने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, सर, माझा पहिला चष्मा तुम्हीच दिला होता. मी उठून आत गेलो. सगळ्यांना वाटलं, सरांना भरून आलं.

ते सगळे गेल्यावर घर असं झालं की घड्याळाचा आवाज नकोसा वाटायला लागला. मी दवाखान्यात अर्धा दिवस जातो. तिथे बरं वाटतं. परत आल्यावर कुलूप काढताना आत कोणी नाही हे माहीत असतं तरी मी एकदा कडी वाजवतो. का ते मला सांगता येत नाही. आज बाहुली कशी होती, पोर कसं रडलं, ते सांगायला कोणी नाही. कधी कधी जेवता जेवता तोंडातून निघतं, आज काय झालं माहितेय का. मग ताट उचलून मोरीत ठेवतो.

गेल्या आठवड्यात मेघा पुण्याहून ओवीला घेऊन आली. शाळेने ओवीचे डोळे तपासायला सांगितले होते. पुण्यात काय डॉक्टर नाहीत? पण म्हणाली, पप्पा, तुम्हीच बघा. माझ्याने नाही म्हणवेना आणि हो म्हणायची लाज वाटली. मॅडमना विचारून मी नातीला खुर्चीत बसवलं. आधी टॉर्च. दोन्ही बाहुल्या अशा लख्ख हलल्या की मी गरज नसताना पुन्हा एकदा टॉर्च मारला. थेंबांशिवाय, कोरडं तपासलं तर नंबर आला मायनस पावणेदोन. मग थेंब घातले, डोळे मिटायला लावून कोपऱ्यात एक एक, म्हणजे झोंबत नाही. दर दहा मिनिटांनी, तीनदा. मग तासभर थांबायचं.

ओवी अंधाऱ्या खोलीच्या बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मेघा आणि मी शेजारी बसलो होतो. तुझ्याशिवाय आम्ही दोघं असे कधी बसलोच नव्हतो, मधे तू असायचीस. मला वाटलं, आता नाही बोललो तर हिच्याही बाबतीत तेच होईल. मी बोललो. सगळं सांगितलं. अर्धा नंबर, मॅडमचं बोलणं, शेंगा फोडलेली संध्याकाळ. म्हटलं, तुला शाळेत नीट दिसू दिलं नाही मी, आणि तुझी आई बरोबर होती, आणि ती जाईपर्यंत ते मी तिला सांगितलं नाही.

मेघा ओवीच्या केसांतून हात फिरवत होती. मग म्हणाली,

"पप्पा, मला शाळेत सगळं दिसत होतं. माझे दोन चष्मे होते."

शालन, मी काय काय ऐकलं ते तुला सांगायची गरज नाही, ते सगळं तुझंच. दिवाळीत माहेरी गेलीस की सांगोल्याला डोळे तपासायचे, पूर्ण नंबराचा चष्मा करायचा. फ्रेम मी केलेल्या चष्म्यासारखीच तपकिरी, तुझ्या भावाने मुद्दाम शोधलेली. चष्मा तुझ्या वर्गातल्या कपाटात रुमालात गुंडाळलेला. सकाळी शाळेत गेलं की माझा काढायचा, तुझा घालायचा. सुटताना उलट. हायस्कुलात गेल्यावर दप्तरात. म्हणजे माझा मेव्हणाही या कटात होता, आणि दर वर्षी माझ्यासमोर बसून डाळिंबं सोलून देत होता.

मी मेघाला विचारलं, आई मला का बोलली नाही? ती म्हणाली, मीही विचारलं होतं. तर आई म्हणाली, "त्या मानसाजवळ तेवढं एकच हाय. त्यातच चूक काढली तर जायचं कुटं त्यांनी?"

मी कुठं जाणार होतो, शालन? दोन दिवस जेवलो नसतो. तिसऱ्या दिवशी शेंगाची चटणी मागितली असती. एवढंही तू मला ओळखलं नाहीस? का ओळखलंस, म्हणूनच गप्प बसलीस? हे विचारायचं आहे आणि तू नाहीस. खरं सांगतो, पहिल्यांदा बरं वाटलं. पोरीला दिसत होतं, ही केवढी गोष्ट. अकरा वर्षांचं ओझं उतरलं. तुझ्या पायावर डोकं ठेवावं असं वाटलं. मग रागही आला, की आपल्या घरात दोन चष्मे होते आणि मला एकच माहीत होता.

मी मेघाला म्हटलं, म्हणून तू शेवटच्या बाकावर बसायचीस होय. ती म्हणाली, नाही, पुढे जागाच नसायची. आई पहिले दोन बाक कोणालाच देत नसे. तिथं तुमच्याकडून चष्मा आणलेली पोरं बसायची. नवीन चष्मा घालून कोणी आलं की आई विचारायची, कुणाकडनं? तुमचं नाव निघालं की दप्तर उचलून पुढे. आम्ही त्याला सरांची रांग म्हणायचो.

तेवढ्यात ओवी जागी झाली. तिच्या बाहुल्या पसरल्या होत्या. तपासलं तर पावणेदोनाचा सव्वा झाला होता. तिच्या डोळ्याने जोर सोडला आणि खरं सांगितलं. मी कागदावर सव्वा लिहिला, पूर्ण, आणि खाली लिहिलं की रोज दोन तास बाहेर खेळायचं. मेघाने ते वाचलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. परवा त्या दोघी पुण्याला गेल्या.

तेव्हापासून मी त्या दोन बाकांचाच विचार करतोय. माझी चूक तू रोज सकाळी पुढच्या बाकावर बसवून घेत होतीस, आणि माझ्याबद्दल एक शब्द वावगा बोलली नाहीस. तू बरोबर होतीस. नंबराबद्दल आणि उन्हाबद्दलही. हे मी तुला शेंगा फोडताना सांगायला हवं होतं. पण तूही मला सांगायला हवं होतंस, शालन. मेघाला बाकावरून वाचताना बघून मी घरी नाचत आलो, त्या दिवशी तू कणीक बाजूला ठेवून म्हणायला हवं होतंस, की हा चष्मा तुमचा नाही. मी रागावलो असतो, पण दुसऱ्या दिवशीच्या पोराला तिचं उदाहरण दिलं नसतं. तू माझी लाज राखलीस. त्या लाजेपायी मी आणखी कितीएक वर्षं, चेहऱ्यावर समाधान घेऊन, गावोगावच्या पोरांना अर्धा नंबर कमी देत राहिलो. तुझ्या वर्गातली पोरं तू पुढे बसवलीस. बाकीच्या शाळांत तू नव्हतीस.